अंगात ताप, हातात डबा



पावसाळ्यातला सोमवार. पहाटेचे पाच वाजलेले. अंगात कणकण आहे, घसा दुखतो आहे, रात्रभर धड झोप नाही. पत्नी कपाळावर हात ठेवून म्हणते, "अहो, आज नका जाऊ." आणि आपण काय म्हणतो? "काही होत नाही. गोळी घेतो, गाडीत बसलो की बरे वाटेल." गाडीत बसायला जागा मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी गोळी घेतली जाते, डबा भरला जातो आणि आपण स्टेशनची वाट धरतो.

वसई-विरारकडून रोज मुंबई गाठणाऱ्या आपल्या घरांत हे दृश्य नवे नाही. आजारी असताना कामावर जावे की घरी राहावे, हा प्रश्न तसा किरकोळ वाटतो. त्याबद्दल आपण कधी प्रार्थना करीत नाही, धर्मगुरूंचा सल्ला घेत नाही, प्रायश्चित्त संस्काराच्या वेळीही तो आपल्याला आठवत नाही. पण थोडा विचार केला तर दिसते की, या लहानशा निर्णयात आपले शरीर, आपला शेजारी आणि कोणाची तरी भाकरी अशा तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून या रविवारी हा प्रश्न आपल्यापुढे मांडावा असे आम्हांला वाटले.

हजेरीचा अभिमान

आपल्या वाडवडिलांना आजारपणाची रजा ठाऊक नव्हती. वाडीला पाणी लावायचे असेल तर ताप असो वा नसो, लावावेच लागे. पहाटे फुले आणि भाजी बाजारात गेली नाही तर ती कुजून जात असे. पुढच्या पिढीने गिरणीत, रेल्वेत, बँकेत, शाळेत नोकऱ्या धरल्या, पण वाडीतली ती शिस्त सोबत नेली. "तीस वर्षांत माझा एक खाडा नाही," असे अभिमानाने सांगणारे ज्येष्ठ आजही आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांच्या कष्टांमुळेच आपली घरे उभी राहिली, मुले शिकली. त्या कष्टांची थट्टा करण्याचा आम्हांला अधिकार नाही.

परंतु एका पिढीचा सद्गुण पुढच्या पिढीत न तपासता उचलला की त्याची कधी कधी नुसती सवय होते. वाडीत एकटाच पाणी लावणारा माणूस आजारी असला तर त्रास त्याचा त्यालाच होई. लोकलच्या डब्यात चारी बाजूंनी माणसे अंगाला चिकटून उभी असतात. तिथे आपला खोकला आपल्यापुरता राहत नाही. "मी सहन करीन" एवढे म्हणून आता भागत नाही. माझ्याबरोबर आणखी कोणाला सहन करावे लागणार आहे, हेही विचारावे लागते.

आमच्या घरातील गोष्ट

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तापाची साथ आली. आम्हां दोघांपैकी जे नोकरी करतात त्यांनी दोन दिवस रजा टाकली. ऑफिसात फोन केला, पेज आणि लोणचे खाल्ले, पांघरूण घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी कामावर गेले. महिन्याअखेरीस पगार पूर्ण हातात आला. त्यात काही विशेष आहे असे आम्हांला वाटलेही नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे धुणीभांडी करणारी ताई खोकत खोकत आली. डोळे लाल, आवाज बसलेला. दारातच म्हणाली, "बाई, अंग लई दुखतंय, आजचा दिवस जाऊ का?" त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे जेवायला यायचे होते. आम्ही तिला गरम चहा दिला, तापाची एक गोळी दिली आणि म्हटले, "ताई, तेवढी भांडी उरकून जा ना." तिने भांडी घासली, लादी पुसली आणि गेली. पुढचे चार दिवस ती आली नाही. ती आजारी होतीच, तिच्या लहान मुलीलाही ताप भरला होता.

महिना संपला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही दुधाचा हिशेब लिहितो, तसे ताईचे खाडेही लिहितो. चार खाडे मोजले, चार दिवसांचे पैसे कापले आणि उरलेले तिच्या हातात ठेवले. ती काही बोलली नाही. पैसे मोजून पदराला बांधले आणि कामाला लागली.

डिसेंबरच्या शेवटी जुने कॅलेंडर उतरवताना आम्ही सहज पाने चाळली. जुलैच्या पानावर एकाच आठवड्यात दोन नोंदी दिसल्या. आमच्या आजारपणापुढे लिहिले होते, "ताप, रजा". तिच्या आजारपणापुढे फक्त चार फुल्या. ताप एकच होता. कदाचित तो आमच्याच घरातून तिच्या घरी गेला असेल. एका माणसाच्या तापाला रजा म्हटले गेले, दुसऱ्याच्या तापाला खाडा. हे लिहिणारा हात आमचाच होता. रविवारी देवमंदिरात एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या आमचा.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

शरीर ही ठेव आहे

प्रथम आपल्या स्वतःच्या शरीराचा विचार करू. आपले जीवन आणि आरोग्य ही देवाने सोपवलेली मौल्यवान देणगी आहे व तिची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ पाचव्या आज्ञेच्या विवेचनात सांगतो. त्याच वेळी, ही काळजी घेताना इतरांच्या गरजा व सर्वांचे हित यांचेही भान ठेवावे, अशी जोडही तो देतो. म्हणजे शरीराची हेळसांड करू नये आणि शरीराचे लाड करून इतरांना वाऱ्यावरही सोडू नये.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. राणी ईजबेलच्या भीतीने पळालेला एलीया रानात एका झुडपाखाली थकून पडला. आता मरण आले तर बरे, असे त्याला वाटू लागले. देवाने त्या वेळी त्याला फटकारले नाही आणि नवीन कामही सांगितले नाही. तो झोपला. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले. त्यानंतरच पुढचा लांबचा प्रवास सुरू झाला. देवाच्या कामातही झोप आणि भाकर यांना जागा आहे.

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक लहानशी नोंद आहे. वाचताना ती सहसा नजरेतून सुटते. आपला सहकारी त्रफिम आजारी पडल्यामुळे त्याला मिलेत येथे मागे ठेवावे लागले, असे पौल कळवतो. सुवार्तेसाठी ज्याने फटके खाल्ले, तुरुंग सोसला, समुद्रात गलबत फुटण्याचे संकट झेलले, त्या पौलाने आजारी साथीदाराला फरफटत पुढे नेले नाही. सुवार्तेचे काम थांबले नाही आणि त्रफिमही मागे राहून कमी दर्जाचा ठरला नाही.

एपफ्रदीताचेही तसेच. फिलिप्पै येथील मंडळीने त्याला बंदिवासातील पौलाच्या सेवेसाठी पाठवले होते. तिथे तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. बरे वाटू लागल्यावर पौलाने त्याला घरी परत पाठवले. "काम अर्धवट टाकून आला" असे कोणी त्याला म्हणू नये, उलट त्याचा मान राखावा, अशी काळजी पौलाने पत्रात घेतली आहे. आजारी कामगाराला घरी पाठवताना त्याचा मान कसा जपावा, हे मालकांनी आणि साहेबांनी या पत्रातून शिकण्यासारखे आहे.

पेत्राच्या सासूचा ताप प्रभू येशूने बरा केला आणि ती उठून सर्वांची सेवा करू लागली, हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. त्यातला क्रम मात्र लक्षात घ्यावा. आधी ताप गेला, मग सेवा सुरू झाली. आपल्या घरांत बहुधा उलटे घडते. आईला ताप असतो तरी ती चुलीपाशी असते. नोकरदाराला निदान रजेचा अर्ज असतो. घरातल्या आईने अर्ज कोणाकडे द्यायचा? तिची रजा मंजूर करणारे आपणच आहोत, आणि ती मंजूर करायची म्हणजे त्या दिवशी आपण भात लावायचा.

इथे व्यवहाराची एक गोष्टही सांगायला हवी. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू होतो. या आजारात साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि काही रुग्णांच्या बाबतीत खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, खूप गळून जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. "ताप उतरला, चला कामावर" असे आपण नेमके त्या दिवशी म्हणतो. अशा वेळी डॉक्टरांचे ऐकून घरी राहणे हा आळस नव्हे.

क्रूस कोणाच्या खांद्यावर?

आता शेजाऱ्याचा विचार करू. आपण ख्रिस्ती लोक दुःख देवाला अर्पण करायला शिकलो आहोत. ही आपल्या श्रद्धेची मोठी संपत्ती आहे. पण अर्पण करण्यासाठी ते दुःख आपले स्वतःचे असावे लागते. तापाने फणफणत मी कामावर गेलो आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या गरोदर भगिनीला, मधुमेही सहकाऱ्याला किंवा त्याच्या घरातील म्हाताऱ्या आईला माझा आजार लागला, तर मी माझा क्रूस वाहिला असे कसे म्हणायचे? मी तो न विचारता त्यांच्या खांद्यावर ठेवला.

सर्वच आजार सारखे नसतात. डेंग्यू आणि मलेरिया डासांमुळे पसरतात, शेजारी बसल्याने नाही. पाठदुखीने कोणाला लागण होत नाही. अशा वेळी प्रश्न मुख्यतः आपल्या प्रकृतीचा असतो. फ्लू मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागू शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस अधिक धोक्याचे असतात. तापाच्या गोळीने आपल्याला बरे वाटते, पण लागण थांबत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा शाळेतले एक मूल घरी न राहिल्याने वर्गच्या वर्ग कसे लाल डोळ्यांचे झाले, हे आपण पाहिले आहे. ज्यांचे हात दुसऱ्यांच्या अन्नाला लागतात, त्यांनी उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नये, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. लग्नाच्या जेवणावळीत आणि सणाच्या पंगतीत वाढणाऱ्या आपल्या सर्वांना हे लागू आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर क्षयरोगाची तपासणी करावी. योग्य औषधोपचार सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून होणारी लागण साधारण दोन आठवड्यांत थांबते आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने कामावर जाता येते. नोकरी जाईल या भीतीने जो खोकला लपवतो, तो स्वतःबरोबर घरातल्या लहान मुलांनाही धोक्यात घालतो. पण त्याला लपवावेसे का वाटते, हा प्रश्न आपण विचारत नाही.

भाकरीचा प्रश्न

इथे आपण तिसऱ्या आणि सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. घरी राहावे हे कळते, पण घरी राहून खायचे काय?

हा प्रश्न जुना आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे मेरी मॅलन नावाची आयर्लंडहून आलेली एक स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काही होत नसे, परंतु तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. ज्या घरांत ती स्वयंपाक करी तेथील माणसे आजारी पडत. १९०७ साली सरकारने तिला पकडून एका बेटावर एकांतात ठेवले. १९१० साली, पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही या वचनावर तिला सोडले. ती कपडे धुण्याचे काम करू लागली, पण त्यात स्वयंपाकापेक्षा पैसे फार कमी. काही काळाने तिने नाव बदलून पुन्हा स्वयंपाक धरला. १९१५ साली एका प्रसूतिगृहात टायफॉइडची साथ आली, २५ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघरात मेरी मॅलन सापडली. त्यानंतर १९३८ साली मरण येईपर्यंत ती त्या बेटावरच होती.

तिची चूक झाली का? झाली. दुसऱ्यांदा तिला धोका माहीत होता, तरी तिने वचन मोडले. पण चूक तिच्या एकटीची होती का? "हे काम करू नकोस" असे सांगणारे पुष्कळ होते. "तुझ्या पोटाची व्यवस्था आम्ही करतो" असे म्हणणारे पुरेसे नव्हते. ज्याच्यावर आपण घरी राहण्याचे कर्तव्य लादतो, त्याच्या भाकरीची जबाबदारी झटकता येत नाही. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत हेच आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले. घरी राहा, असे सर्वांना सांगितले गेले. ज्यांच्या घरात धान्य होते ते राहिले. ज्यांच्याकडे नव्हते ते मुले खांद्यावर घेऊन रस्त्याने चालू लागले.

आपल्या देशात १९५२ सालापासून कर्मचारी राज्य विमा योजना सुरू आहे. तिला आपण ईएसआय म्हणतो. योजनेत बसणाऱ्या कामगाराला आजारपणात, आवश्यक तेवढे दिवस वर्गणी भरलेली असल्यास, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. क्षयरोगासारख्या काही दीर्घ आजारांसाठी त्याहून जास्त काळ व जास्त दराने मदत मिळते. आपल्या धर्मग्रामातील कारखान्यांत व दुकानांत काम करणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना आपले ईएसआय कार्ड कुठे आहे हे ठाऊक आहे? वर्गणी दर महिन्याला पगारातून कापली जाते, पण आजारी पडल्यावर तिचा लाभ घ्यायचा असतो हेच अनेकांना माहीत नसते.

मात्र आमच्याकडे येणाऱ्या ताईला ही योजना नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला नाही. आपल्या वाडीत मजुरीला येणाऱ्या आदिवासी बांधवांना नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण ताप आलेल्या दिवसाचा पगार त्यातून मिळत नाही. तो द्यायचा की नाही हे ज्या घरात ती काम करते त्या घरावर, म्हणजे आपल्यावर, सोडलेले आहे.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी एक परिपत्रक लिहिले. कामगाराला न्याय्य वेतन हवेच, शिवाय त्याला औषधोपचार सुलभ असावा आणि विश्रांतीचा हक्क असावा, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. कामगारावर ही मेहरबानी नव्हे, तो न्याय आहे. आपल्या तिसऱ्या आज्ञेचे मूळ जो शब्बाथ, त्यातही विश्रांती केवळ घरधन्यासाठी सांगितलेली नाही. दास, दासी, परदेशी, इतकेच काय, बैल आणि गाढव यांनाही ती आहे. आपण विसावा घ्यायचा आणि दासीला राबवायचे, हे त्या आज्ञेत बसत नाही.

प्रभू येशूने द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला सांगितला. दिवस मावळता मावळता कामावर आलेल्यालाही मालकाने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. सकाळपासून राबणाऱ्यांना ते रुचले नाही. आपल्यालाही रुचत नाही, कारण आपण तास मोजतो. मालकाने तास मोजले नाहीत. एका दिवसाची मजुरी म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी, आणि कमी तास काम झाले म्हणून त्या घरातली भूक कमी होत नाही. आजारी माणसाचेही तसेच आहे. ताप आला म्हणून पोराबाळांना भूक लागायची थांबत नाही. उलट औषधाचा खर्च वाढतो.

एकच नियम नाही

मग नियम कोणता? ताप आला की घरी राहायचे, संपले? इतके सोपे ते नाही. रात्रपाळीची एकच परिचारिका उरली असेल आणि तिला साधी डोकेदुखी असेल, तर ती कामावर जाईल आणि ते योग्यच ठरेल. तिला फ्लू असेल तर मात्र तिने घरी राहणे ही रुग्णांचीच सेवा होईल.

आपल्या ख्रिस्तसभेत दोन पोपमहोदयांची उदाहरणे आहेत. पोप जॉन पॉल दुसरे कंपवाताने थरथरत, बोलता येईना तरी २ एप्रिल २००५ रोजी मरण येईपर्यंत आपल्या पदावर राहिले. वार्धक्य आणि आजारपण लपवण्याची गोष्ट नाही, हे त्यांनी जगाला दाखवले. त्यांच्यानंतर आलेले पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, म्हणजे जागतिक रुग्णदिनीच, जाहीर केले की आपली शक्ती या सेवेला आता पुरी पडत नाही, आणि त्या महिन्याच्या अखेरीस ते पदावरून उतरले. एक राहिले, एक उतरले. दोघांनीही प्रार्थनेत आपल्या विवेकबुद्धीला विचारून निर्णय घेतला. "लोक काय म्हणतील" या भीतीने नाही.

आपला निर्णय पुष्कळदा त्या भीतीनेच होतो. साहेब काय म्हणेल, सहकारी कुजबुजतील, बढती हुकेल. कधी कधी त्यात थोडा गर्वही असतो. "माझ्यावाचून ऑफिस चालणार नाही" असे आपल्याला वाटते. चार दिवस अंथरुणाला खिळल्यावर कळते की ऑफिस व्यवस्थित चालले होते. हे कळणेही नम्रतेचा एक धडा आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजारी नसताना आजारपणाची रजा टाकणारे आपल्यात कमी नाहीत. सणाच्या दुसऱ्या दिवशी, मामेभावाच्या हळदीला, क्रिकेटच्या सामन्याला अचानक "ताप" येतो. ओळखीच्या डॉक्टरांचे सर्टिफिकेटही मिळते. आपण त्याला हुशारी म्हणतो. पण हे खोटे बोलणे आहे, आणि न केलेल्या कामाचे वेतन घेणेही आहे. शिवाय यामुळे खऱ्या आजारी माणसावर संशय येतो. उद्या कोणी खरोखर तापाने फणफणत फोन करतो तेव्हा साहेब म्हणतो, "तुम्हां लोकांची नेहमीचीच नाटके." खोट्या रजेची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

आपण काय करू शकतो?

पुढच्या वेळी अंगात कणकण असताना डबा हातात घेण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. माझ्या जाण्याने माझे शरीर अधिक बिघडेल का? माझ्यापासून कोणाला लागण होईल का? आणि मी घरी राहिलो तर कोणाची भाकरी किंवा कोणाचा जीव खरोखर अडेल का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर "होय" आणि तिसऱ्याचे "नाही" असेल, तर घरी राहावे. मनाला टोचणी लावून घेऊ नये.

ज्यांना भरपगारी रजा आहे, त्यांच्यावर घरी राहण्याची जबाबदारी अधिक आहे. ती चैन आहे असे समजू नये. आपण घरी राहिलो तर ज्यांना रजा परवडत नाही त्यांचे रक्षण होते.

ज्यांना रजा परवडतच नाही, त्यांना आम्ही दोष देत नाही. तोंडाला मास्क बांधावा, खोकताना रुमाल धरावा, जमेल तितके अंतर ठेवावे. त्यांच्या जाण्याची जबाबदारी त्यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, त्यांना रजा न देणाऱ्यांवर आहे.

आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे कोणी काम करते, मग ती धुणीभांडी असोत, वाडी असो, दुकान असो वा रिक्षा असो, त्यांनी आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापू नयेत. वर्षाला निदान काही दिवस तरी ठरवून टाकावेत आणि ते आधीच सांगावेत. आधी सांगितले नाही तर त्याचा उपयोग नाही, कारण ताई पहाटे तापात उठते तेव्हा तिला ठाऊक असायला हवे की आज न गेल्याने पैसे जाणार नाहीत. "कोणी गैरफायदा घेतला तर?" असा प्रश्न येईल. कोणी घेईलही. साहेबांना आपल्याबद्दलही तसेच वाटत असते.

मिस्साबद्दलही दोन शब्द. आजारपण हे रविवारच्या मिस्साला न येण्याचे योग्य कारण आहे, असे धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करण्यासाठी घरी थांबणाऱ्याचीही तीच गोष्ट. ताप-खोकला असताना भक्तिभावाने बाकावर येऊन बसणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना आम्ही आदराने सांगू इच्छितो की, त्या दिवशी घरी बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो. शांतीचे चिन्ह देताना सर्दी असेल तर हात न मिळवता हात जोडावेत, यात प्रेम कमी होत नाही. दीर्घ आजारी असलेल्यांनी धर्मगुरूंना कळवावे, म्हणजे पवित्र कम्युनियन घरी आणून देता येईल. आणि आपल्या आळीत कोणी एकटे आजारी असेल तर त्यांच्या दारी एक डबा पोचवावा. आजारी माणसाला घरी राहता यावे म्हणून शेजाऱ्यांनी हे करायलाच हवे. एलीयाला भाकर घेऊन देवदूत आला होता. आपल्या आळीत ते काम आपल्यालाच करावे लागेल.

आमच्या घरी यंदा नवे कॅलेंडर लागले, तेव्हा आम्ही ताईला बसवून सांगितले की, आजारी असशील त्या दिवशी येऊ नकोस, पैसे कापणार नाही. गेल्या जुलैतले चार दिवसांचे पैसेही तिला परत दिले. ते घ्यायला ती तयार नव्हती. "झालं गेलं, बाई," म्हणाली. आम्ही आग्रहाने दिले. आम्ही मोठे काही केले असे आम्हांला वाटत नाही. जे तिचे होते ते सहा महिने आमच्याकडे राहिले होते, एवढेच.

फेब्रुवारीत ती दोन दिवस आली नाही. सकाळी तिच्या मुलीने फोन करून सांगितले, "आईला ताप आहे, ती आज येणार नाही." त्या दोन दिवशी भांडी आम्हीच घासली. कॅलेंडरवर त्या तारखांपुढे आम्ही लिहिले, "ताप, रजा".

बंधुभगिनींनो, आपल्याही घरातील कॅलेंडर एकदा उघडून पाहावे, ही नम्र विनंती.